‘सर्व्हायव्हिंग मार्स’साठी ‘फड’ विस्तार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘सर्व्हायव्हिंग मार्स’ या मंगळावर वसाहत उभारण्याच्या संगणकीय खेळासाठी ‘फड’ नावाच्या विस्ताराची, म्हणजे खेळात घालायच्या नव्या भागाची, कल्पना मांडली, तेव्हापासून धुळे-साक्रीतले मित्र, नाशिक-पुण्याकडचे खेळाडू आणि घरातली मोठी माणसंसुद्धा फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. सगळ्यांना एकदाच नीट उत्तर मिळावं म्हणून ही प्रश्नोत्तरं.

आधी थोडक्यात सांगा, कल्पना काय आहे?

मंगळावरच्या वसाहतीत पाणी कमी पडलं, तर ते कुणी, कधी आणि कोणत्या हिशोबाने वाटायचं, हे खेळात आणायचं. पांझरा, बुराई, कान, मोसम, आरम या नद्यांच्या काठाने शेकडो वर्षं चाललेली फड पद्धत हा त्याचा पाया आहे. नवी यंत्रं अगदी मोजकी आहेत. शत्रू नाहीत, परग्रहवासी नाहीत. पाणी पूर्वीइतकंच राहतं, माणसंही तेवढीच. वाटपाचा निर्णय मात्र खेळाडूच्या बटणावरून वसाहतीच्या सभेत जातो.

मी हा खेळ खेळलेलो नाही. तरी समजेल का?

समजेल. बल्गेरियातल्या सोफिया शहरातल्या हेमिमाँट गेम्सने तो बनवला आणि पॅराडॉक्स इंटरॲक्टिव्हने मार्च 2018 मध्ये बाजारात आणला. सुरुवातीला एक प्रायोजक निवडायचा असतो. अमेरिका, चीन, युरोप, रशिया यांच्यासोबत भारतही त्या यादीत आहे. पहिल्या रॉकेटमधून माणसं येत नाहीत, ड्रोन आणि सामान येतं. मंगळाच्या मातीतून काँक्रीट काढायचं, धातू गोळा करायचे, वीज-पाणी-ऑक्सिजन उभं करायचं, काचेचा घुमट म्हणजे डोम बांधायचा आणि मग माणसांना बोलवायचं. दिवसाला तिथे ‘सोल’ म्हणतात. खरा सोलही आपल्या दिवसापेक्षा साधारण 40 मिनिटांनीच मोठा असतो.

पुढे त्याला विस्तार आले : 2018 मध्ये ‘स्पेस रेस’, 2019 मध्ये ‘ग्रीन प्लॅनेट’, 2021 मध्ये ‘बिलो अँड बियाँड’. फड हा माझ्या डोक्यातला पुढचा विस्तार.

मूळ खेळात पाणी आहेच की. मग वेगळं काय हवंय?

पाणी आहे, पण ते फक्त नळकाम आहे. जमिनीखालचा साठा सापडला तर वॉटर एक्स्ट्रॅक्टर लावायचा, नाही सापडला तर हवेतली ओल ओढणारे मॉइश्चर व्हेपोरेटर मांडायचे. दोन व्हेपोरेटर जवळजवळ ठेवले तर दोघांचंही उत्पादन घटतं, ही बारीक गोष्ट बनवणाऱ्यांनी लक्षात ठेवली आहे आणि मला ती फार आवडते. आपल्याकडे एकमेकींना खेटून बोअर घेतल्या की काय होतं, हे ज्याने पाहिलंय त्याला ती लगेच कळते.

आता धुळीचं वादळ आलं असं समजा. पडदा तांबूस होतो. व्हेपोरेटर थांबतात, ऑक्सिजन देणारे मॉक्सीही थांबतात. वॉटर टॉवरवरचा आकडा उतरायला लागतो. अशा वेळी खेळाडू काय करतो? इमारतीवर टिचकी मारतो आणि तिचा प्राधान्यक्रम कमी करतो. तीन पायऱ्या आहेत. खालच्या पायरीवरच्यांचं पाणी आधी तुटतं. समजा कडेच्या डोममधली शेतं बंद केली. तिथल्या लोकांनी काय करायचं, हा प्रश्न खेळ विचारतच नाही. त्यांची सोय घटते, मनोबल खचतं आणि त्यातले काही ‘रेनेगेड’ म्हणजे बंडखोर होऊन बसतात. आपण म्हणतो, “अरे, इथे गुन्हे का वाढले?” वाढणारच ना. एका वस्तीचं पाणी तोडलं, दुसरीचं चालू ठेवलं आणि कुणाला विचारलंही नाही.

टंचाईत कुणाला तरी झळ बसणार, हे खेळ बरोबर दाखवतो. ती झळ सगळ्यांनी मिळून कशी सोसायची, हे मात्र त्यात कुठेच नाही. फडाची गरज तिथे आहे.

फड पद्धत म्हणजे नेमकं काय? आम्ही तमाशाचा आणि कुस्तीचा फड ऐकलाय.

हा शेतीचा फड. नदीवर दगडी बंधारा असतो. बंधाऱ्याच्या कडेने पाट निघतो, पाटातून चाऱ्या आणि चाऱ्यांतून शेतात जाणाऱ्या छोट्या सारंगा. जास्तीचं पाणी सांडव्यातून परत नदीला. पाणी उताराने आपोआप वाहतं. मोटार नाही, विजेचं बिल नाही.

बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या जमिनीचे मोठे तुकडे पाडलेले असतात, बहुतेक ठिकाणी तीन-चार. त्या एकेका तुकड्याला फड म्हणायचं. एका फडात एका हंगामात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एका फडात ऊस असेल, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात खरिपाचं काही. पुढच्या वर्षी पिकं पुढे सरकतात. पाण्याची गरज सगळ्या फडाला सारखी, म्हणून पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत सलग देता येतं. कुणाचं शेत मध्येच कोरडं राहत नाही आणि कुणाच्या बांधावरून वाया जात नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट पुढे आहे. शेतकऱ्याची जमीन एकाच फडात नसते, थोडी थोडी सगळ्या फडांत विखुरलेली असते. पाऊस कमी झाला आणि बंधाऱ्यात पाणी कमी दिसलं, की गावचे पंच बसतात आणि ठरवतात : यंदा अमुक फड पडीत. त्या फडात सगळ्यांचीच जमीन असल्यामुळे नुकसानही सगळ्यांना वाटून येतं. मोठ्या शेतकऱ्याचं मोठं, लहानाचं लहान. एकट्याचंच शेत सुकलं आणि शेजाऱ्याचं हिरवं राहिलं, असं घडायला जागाच उरत नाही.

हे शे-दोनशे वर्षांचंही नाही, त्याहून जुनं आहे. हा हिशोब लोकांनी संगणकाशिवाय बसवला आणि पिढ्यान् पिढ्या चालवला, याचं मला आजही नवल वाटतं.

मंगळावर नदीच नाही. बंधारा कशावर घालणार?

सुरुवातीला बंधारा नाही, ‘सामायिक साठा’ आहे. सगळ्या एक्स्ट्रॅक्टर-व्हेपोरेटरचं पाणी आधी तिथे जमा होतं आणि तिथून पाटाच्या जागी मुख्य नळ निघतो. मंगळाच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी आहे. उघडा पाट काढला तर पाणी धड वाहणार नाही, त्यातलं काही गोठेल आणि काही उडून जाईल. म्हणून चाऱ्याही बंद नळाच्याच. फडाचं खरं कौशल्य दगडी पाटात नव्हतंच. ते वाटपाच्या नियमात होतं, आणि नियम नळातूनही चालतो.

दुसरी अडचण मातीची. नासाचं ‘फिनिक्स’ यान 2008 मध्ये मंगळाच्या उत्तर ध्रुवाजवळ उतरलं. त्याला तिथे बर्फ सापडला आणि मातीत परक्लोरेट नावाचे क्षारही सापडले. ते शरीराला घातक आहेत. म्हणून विस्तारात नवं शेत धुवून घ्यावं लागतं. त्या धुण्याचं पाणीही सामायिक साठ्यातूनच जातं, त्यामुळे नवी जमीन मोडायची का, हाही सभेपुढचा विषय होतो. धुतलेलं खारं पाणी सांडव्यातून वेगळ्या टाकीत जातं. सांडवा बांधायचा कंटाळा केला, तर खालच्या फडातल्या मातीचा कस घसरतो.

सभा कशी चालेल? बोलणारी माणसं बघत बसावं लागेल का?

नाही, नुसतं बघत बसायचं नाही. सभा हाच विस्ताराचा मुख्य खेळ आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दर 50 सोलांनी सभा भरते. तिला मी ‘आखाजी’ (खानदेशातली अक्षय तृतीया) नाव दिलंय. खानदेशात सालदाराचं साल आखाजीला ठरतं, जुने हिशोब मिटतात आणि नवे सुरू होतात. सभेच्या आधी एक पडदा उघडतो. त्यावर तीनच गोष्टी दिसतात : साठ्यात आज किती पाणी आहे, पुढच्या 50 सोलांत अंदाजे किती येईल आणि पिण्या-वापरण्याला किती लागेल. पिण्याचं पाणी आधी बाजूला काढलं जातं, त्यावर चर्चा नाही. उरलेलं फडांना.

समजा पाच डोमची वसाहत आहे आणि शेतीचे चार फड आहेत. प्रत्येक डोमचे वाफे चारही फडांत आहेत. पाणी तीन फडांपुरतंच आहे. मूळ खेळात आपण एका डोमची सगळी शेती बंद केली असती आणि तो डोम उपाशी पडला असता. इथे एक फड पडीत राहतो, म्हणजे पाचही डोमच्या शेतीचा चौथा हिस्सा बंद. पोटाला चिमटा सगळ्यांनाच बसतो, पण उपाशी कुणी राहत नाही.

आता कोणता फड पडीत ठेवायचा? इथे वाद सुरू होतो. ज्या फडाच्या मातीचा कस सर्वात कमी, तो ठेवावा, असं बॉटनिस्ट म्हणतात. पडीत राहिला की कस थोडा भरून येतो. इंजिनिअरांना सगळ्यात लांबचा फड बंद हवा असतो, कारण त्याच्या नळांची गळती जास्त. लेकुरवाळ्यांच्या डोमला बटाट्याचा फड सोडवत नाही. खेळाडू प्रस्ताव मांडू शकतो, एखाद्या गटाला पुढच्या सभेचं आश्वासन देऊ शकतो. दिलेलं आश्वासन खेळ लक्षात ठेवतो. एक नियम मात्र पक्का आहे : एकच फड लागोपाठ दोनदा पडीत ठेवता येत नाही.

सभा झाली की दोन सोल सण. डोमच्या बागेत झोका बांधता येतो, आखाजीला निंबाला बांधतात तसा. त्याने लोकांची सोय वाढते. ही बारकी गोष्ट आहे, पण मी ती सोडणार नाही.

सभेचा निर्णय मला पटला नाही तर?

फिरवता येतो, पण त्याची किंमत आहे. वसाहतीचा ‘विश्वास’ नावाचा आकडा घसरतो. विश्वास खाली गेला की लोक चोरून पाणी घेतात, म्हणजे नळावर बेकायदा जोड दिसू लागतात आणि साठ्याचा हिशोब जुळेनासा होतो. काही खेळाडूंना हे आवडणार नाही, मला माहीत आहे. सगळं आपल्या हातात असावं म्हणूनच असे खेळ खेळतात बरेच जण. पण बंधाऱ्याचा मालक कुणी एकटा नसतो, या एका गोष्टीवर सगळी पद्धत उभी आहे. ती काढली तर विस्तारात फक्त नळाचा रंग बदललेला दिसेल.

हवालदार, पाटकरी, जागल्या ही माणसं कशाला? ड्रोन सगळं करतात ना?

ड्रोन दुरुस्ती करतात, वाटप करत नाहीत.

फडात शेतकरी स्वतः पाणी भरत नाही. गावाने नेमलेला पाटकरी सगळ्यांच्या शेतांना क्रमाने पाणी देतो. पाटकऱ्याचं काम जवळून बघण्यासारखं असतं. वाफा भरत आला की तो वाफ्याच्या कडेला उभा राहून पाण्याचं तोंड बघतो. पाणी शेवटच्या सरीला पोचायच्या थोडं आधीच फावड्याने ओला चिखल उचलून चारीचं तोंड बंद करतो, कारण चारीत आधीच शिरलेलं पाणी उरलेला वाफा भरून काढतं. मग चार पावलं पुढे जाऊन दुसरं तोंड फोडतो. शेत कुणाचं, हे बघायचं त्याला कारण नसतं. हवालदार त्याच्यावर देखरेख ठेवतो, पंचांचा निरोप पोचवतो. जागल्या पिकाची राखण करतो.

विस्तारात ही तीन नवी कामं आहेत. पाटकरी अनुभवी असेल तर त्याच फडाला कमी पाणी लागतं, कारण तोंड वेळेवर बंद होतं. जागल्याला गळती फुटण्याआधी कळते आणि चोरटे जोडही त्यालाच सापडतात. हवालदार नसेल तर सभेचा निर्णय डोमपर्यंत पोचायला उशीर होतो आणि तेवढे सोल जुन्याच वाटपाने पाणी जात राहतं. तिन्ही कामांना माणूसच लागतो. अट एकच : पाटकऱ्याचा डोम आणि तो ज्या फडाला पाणी देतो तिथला सर्वात मोठा वाटेकरी डोम, हे एक असता कामा नये.

फडात पाणी जमिनीच्या हिशोबाने मिळायचं. मग भूमिहीनांचं काय?

हा प्रश्न मला पिंपळनेरच्या एका मैत्रिणीने विचारला, आणि सगळ्या प्रश्नांत तोच सर्वात वजनदार आहे.

खरं आहे. ज्याची फडात जमीन, त्यालाच पाणी. ज्याच्या नावावर जमीन नाही, तो पाटकरी होऊ शकतो, जागल्या होऊ शकतो, पण वाटेकरी नाही. ही पद्धत एकमेकांत समान होती, पण ती वाटेकऱ्यांतली समानता होती.

त्यामुळे विस्तारात मी फडाचा सांगाडा घेतलाय आणि हक्काचा हिशोब दुसरीकडून आणलाय. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावपासून पाणी पंचायतीचं काम उभं केलं. तिथे पाणी जमिनीला नाही, माणसाला : घरातल्या माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरापुरतं. भूमिहीनालाही वाटा. उसाला बंदी. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नाही.

म्हणून खेळातही वाटा डोमच्या लोकसंख्येवर ठरतो. ज्या डोममध्ये एकही शेत नाही, नुसत्या प्रयोगशाळा आणि कारखाने आहेत, त्याचाही फडात वाटा असतो आणि पिकलेल्यातला हिस्सा त्याला मिळतो. नवं रॉकेट उतरून माणसं वाढली की पुढच्या आखाजीला वाटे नव्याने पडतात. जुन्या लोकांना ते खुपतं. खुपू दे, त्या कुरबुरीतूनच चांगला खेळ निघतो.

पिकं कोणती? केळी असतीलच ना?

जळगावकर हा एकच प्रश्न विचारतात. हो, केळी आहेत.

पण केळी आणायची तर तिचा स्वभावही आणायला हवा. केळीला वर्षभर पाणी लागतं, मध्ये ताण चालत नाही. टिश्यू कल्चरचं रोप लावलं तरी घड हातात यायला साधारण वर्ष जातं. म्हणजे खेळात केळीचा फड एकदा लावला की पुढच्या सभेत तो पडीत ठेवता येत नाही. ठेवलाच तर सगळी लागवड जाते. उत्पन्न भरघोस, सोयही वाढते, पण बाकीच्या तीन फडांवर टंचाईचा सगळा भार पडतो. रावेर-यावलमध्ये ठिबक आल्यावर केळीचं पाणी बरंच वाचलं, म्हणून ठिबकचं संशोधनही ठेवलंय.

बाकी दादर ज्वारी, बाजरी, भुईमूग, मिरची आणि भरताची वांगी. मूळ खेळात सोयाबीनसारखी काही पिकं मातीचा कस वाढवतात. त्याच हिशोबात इथे भुईमूग, उडीद, मूग बसतात. कापूस ठेवलेला नाही. पोट भरत नसताना मंगळावर कापसाला पाणी देणं मला पटत नाही.

नकाशात खानदेशचं काही दिसेल का?

दिसेल, आणि ते भूगर्भशास्त्राला धरून असेल. धुळे-नंदुरबार भागात डाइक खूप आहेत. लाव्हाच्या जुन्या थरांना उभी भेग पडली, तीत तप्त रस शिरून थिजला आणि काळ्या दगडाची भिंत तयार झाली. मैलोन् मैल सरळ धावणाऱ्या या भिंती आपल्याकडे माळावर टेकड्यांसारख्या उभ्या दिसतात. डाइकचा दगड भरीव असेल तर तो जमिनीखालचं पाणी अडवतो, भेगाळलेला असेल तर त्यातूनच पाणी वाहतं. विहीर कुठे खोदायची ते यावर ठरतं.

मंगळाचा बराचसा पृष्ठभागही बेसाल्टचा आहे, त्यामुळे तिथे डाइक दाखवणं अगदी रास्त. विस्तारात डाइकच्या एका बाजूला बर्फाचा साठा जास्त असतो. कोणत्या बाजूला, ते जिओलॉजिस्ट पाठवल्याशिवाय कळत नाही. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले खोल-रुंद करून पाणी जिरवलं, ते दगडाचे थर वाचूनच. त्या कामाचा मान म्हणून जिओलॉजिस्टला मी खेळात पहिल्यांदा मोठं काम दिलंय. मूळ खेळात त्याला खाणीत पाठवलं की त्याचं नाव विसरायला होतं.

‘ग्रीन प्लॅनेट’ विकत घ्यावा लागेल का?

नाही. पण असेल तर उत्तरार्ध उघडतो. त्या विस्तारात हवा, तापमान, पाणी आणि वनस्पती असे चार आकडे वाढवत मंगळ राहण्याजोगा करायचा असतो, आणि पुढे पाऊसही पडतो. सुरुवातीला तर विषारी पाऊस. पाऊस आला की ओहोळ आले, आणि तेव्हा खरा दगडी बंधारा घालता येतो, उघडा पाट काढता येतो.

जंगलाचे नियमही तिथेच येतात. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने चारशे हेक्टरांहून जास्त जंगल राखलं. गावाने स्वतःच कुऱ्हाडबंदी केली, दंड ठरवला, राखणदार नेमले. पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. झाडं लावणारी इमारत मूळ विस्तारात आहे, राखणारी माणसं नाहीत. जागल्याला तिथेही काम मिळेल.

फड पद्धत आता बऱ्याच ठिकाणी मोडली. मोडलेली गोष्ट मंगळावर कशाला न्यायची?

मोडली हे खरं. वरच्या अंगाला धरणं झाली, नदीचं वाहणं बदललं. विहिरी आणि मोटारी आल्या, ज्याच्याकडे पैसा होता त्याला सामायिक पाण्याची गरज उरली नाही. मग पंचांचं कोण ऐकणार? नियम वाईट होता म्हणून ती मोडली नाही. नियमाबाहेर पडायची वाट काही जणांना मिळाली, म्हणून मोडली.

मंगळावर ती वाट नाही. डोमच्या बाहेर स्वतःची विहीर पाडून कुणी वेगळा राहू शकत नाही. तिथला प्रत्येक माणूस एकाच साठ्यावर जगतो. म्हणूनच फड पद्धत जर कुठे पूर्ण ताकदीने चालायची असेल, तर अशाच जागी.

खेळात हा धोका मुद्दाम ठेवलाय. पुढच्या टप्प्यात श्रीमंत डोम स्वतःचा खासगी साठा मागतो. दिला तर उत्पादन वाढतं, पैसा वाढतो. सभेला येणारी माणसं मात्र दर वेळी कमी होत जातात.

आहिराणीत आवाज असतील का?

असावेत असं मला मनापासून वाटतं. सूचना देणारा आवाज “पानी उनं!” (पाणी आलं) किंवा “वावधन उनं!” (वादळ आलं) म्हणाला, तर शिंदखेड्यापासून शहाद्यापर्यंतचा खेळाडू खुर्चीत सरळ बसेल. मजकूर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत. आहिराणी आवाजासाठी घरी ती बोलणारीच माणसं हवीत. नाटकी, ओढूनताणून काढलेली बोली नको.

‘रीलाँच्ड’ आवृत्तीत राजकारण आलंय ना? मग फड वेगळा कसा?

2025 च्या ‘रीलाँच्ड’मध्ये, म्हणजे याच खेळाच्या नव्याने केलेल्या आवृत्तीत, ‘मार्शियन असेंब्ली’ नावाची सभा आहे आणि तिथे कायदे होतात. पण तिथले कायदे सगळ्या वसाहतीसाठी असतात. फडाची सभा दर हंगामाला त्याच प्रश्नावर परत बसते, कारण पाणी दर हंगामाला वेगळं असतं. दोन्ही एकत्र चालू शकतात.

हे मॉड म्हणून होईल का, की कंपनीनेच करायला हवं?

पुष्कळसं मॉडमध्ये, म्हणजे खेळाडूंनीच बनवून खेळात घातलेल्या भरीत, होईल. मूळ खेळासोबतच मॉड एडिटर मिळतो आणि लुआ या संगणकाच्या भाषेत लिहिता येतं. नवी कामं, नवी पिकं, सामायिक साठा, पडीत फड हे जमण्यासारखं आहे. सभेचा पडदा आणि उघड्या पाटातून वाहणारं पाणी ही जड कामं आहेत. वाहतं पाणी मॉडमध्ये धड दिसणार नाही, म्हणून पहिल्या टप्प्यात ते घेतलेलं नाही.

पैसे घेणार का?

मॉड फुकट.

मला मदत करायची आहे. कोण हवंय?

लुआ येणारं कुणी असेल तर सर्वात आधी ते. दुसरं, घरी फडाखाली जमीन असलेले, आजोबा-पणजोबा पाटकरी किंवा पंच असलेले लोक. मला नियमांचे बारकावे हवेत : पाळी चुकली तर काय करायचे, बंधाऱ्याच्या डागडुजीला कुणी किती माणसं द्यायची, पाट साफ करायला न आलेल्याला काय दंड असायचा. गावागणिक हे वेगळं असतं आणि खेळात वेगवेगळ्या प्रायोजकांना वेगवेगळे नियम देता येतील. तिसरं, चाचणी खेळणारे. त्यांच्यासाठी पाच डोम, चार फड आणि मुद्दाम कमी पाणी ठेवलेला एक नकाशा आधी तयार होतोय. त्यावर पहिली आखाजी पार पडेपर्यंत एकही डोम तहानलेला राहिला नाही, तर नियम बरोबर बसले असं मी समजेन आणि मग पिकांकडे वळेन.